पिठाचा पहारा

गोदाकाकूंना घेऊन माणसं मसणाच्या वाटेला लागली, घरच्या-शेजारच्या बायका नदीवर अंघोळीला गेल्या, आणि त्यांच्या रिकाम्या घराच्या ओट्यावर मी एकटी येऊन बसले. माझ्या पाठीमागे, माजघरात, जिथे काकूंचा जीव गेला ती जागा पुसून घेतली आहे. तिथे पीठ पसरून त्याच्या शेजारी पणती लावली आहे आणि पिठावर बांबूचं टोपलं पालथं घातलं आहे. सगळे परत आले की टोपलं उचलायचं आणि पिठात काय उमटलं ते पाहायचं. पाखराचं पाऊल दिसलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला, खूर दिसलं तर गुराच्या. माणसाचं पाऊल दिसलं तर मग विचारायलाच नको. आणि काहीच उमटलं नाही, पीठ कोरं राहिलं, तर जीव कुठे गेलेलाच नाही, घरातच अडकला, असं समजायचं. तोवर आत कुत्रं, मांजर, कोंबडी, माणूस कोणी शिरू नये म्हणून दाराशी एक जण बसतो. आमच्या गावात त्याला पिठावर बसणं म्हणतात.

इतकी वर्षं पिठावर माझे बाबा बसायचे. गावात कोणाच्याही घरी मरण झालं की निरोप यायचा, आणि बाबा दुपट्टा खांद्यावर टाकून निघायचे. आता बाबाच नाहीत. सकाळी गोदाकाकूंचा रमेश आमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला, "फौजीनकाकू, फौजीभाऊ तं आता नाईत. मायच्या पिठाले कोन बसन?"

"हे बसन ना," आईनं माझ्याकडे न बघताच सांगितलं. "पोरगी फौजीचीच हाये."

मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते. यवतमाळला शाळेत शिकवते, आणि परीक्षेत कॉप्या पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं माझे सहकारी म्हणतात. कौतुकानं म्हणतात की वैतागानं, याचाही मला संशय आहे. स्वभावच तसा. कोणी गोड बोललं की मला वाटतं, पाणी कुठंतरी मुरतंय. आई म्हणते, पाळण्यात असताना सुद्धा मी आधी दूध पाजणारीचं तोंड निरखून घ्यायचे. अशा बाईला पिठाच्या पहाऱ्यावर बसवणं तसं योग्यच म्हणायचं. पण याच पिठावरून मी बाबांवर अर्धा जन्म संशय घेतला, हे रमेशला कुठून माहीत असणार?

समोरच्या रस्त्यानं कापसाच्या वेच्याला निघालेल्या बाया चालल्या आहेत. डोक्याला फडकी, कमरेला ओटी बांधलेली. माझ्याकडे बघून चालता चालता हात जोडतात. दूर फाट्यावर आर्णीच्या एसटीचा हॉर्न वाजतो. मागून पिठाचा वास येतो आहे, गव्हाच्या. पूर्वी ज्वारीचं पीठ असायचं आणि त्याचा वास वेगळा, जरासा गोड, जरासा मातीचा. आता ज्वारी पेरतो कोण? पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. घरोघरी गव्हाच्याच पोळ्या झाल्या, तेव्हा मेलेल्यालाही तेच पीठ.

बाबा फौजेत होते. माझ्या लहानपणी ते सुट्टीवर यायचे तेव्हा पाहुण्यासारखे यायचे. होल्डॉल उघडला की घरभर वास सुटायचा, बूट पॉलिशचा, मोहरीच्या तेलाचा, आणि आमच्याकडे नसलेल्या कुठल्याशा डोंगरी लाकडाच्या धुराचा. मी एक एक कपडा हुंगून बघायची. हा माणूस खरंच आपला बाप आहे की आई कोणाला तरी आणून सांगते आहे, अशी मला शंका होती. एकदा मी आईला विचारलं म्हणे, "हा मानूस रात्री कुठं झोपनार?" बाबा ते ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना आई त्यांना फाट्यावर एसटीत बसवून द्यायला जायची आणि परत येताना वाटेत कोणाशी बोलायची नाही. माझं बोट मात्र घट्ट धरायची.

मग ते कायमचे घरी आले. कायमचे, हे मला पटायला फार दिवस लागले. रोज शाळेतून आल्यावर मी आधी खुंटीकडे बघायची. त्यांचा दुपट्टा दिसला की दप्तर टाकायची.

माणूस मोठा मायेचा होता. माझ्या वेण्या तेच घालायचे. दोरखंड बांधावा तशा घालायचे, भुवया वर चढायच्या. वर्गात बाई म्हणायच्या, "आज फौजींनी घातलेली दिसते." आईच्या पायाला भेगा पडल्या की मेण आणि तेल कढवून तेच लावून द्यायचे, तेही ओट्यावर, सगळ्यांसमोर. गावातले पुरुष मान फिरवून हसायचे. "हसू देत," बाबा म्हणायचे. रागावले की हिंदीत बोलायचे आणि लाडात आले की वऱ्हाडीत, त्यामुळे "इधर आ" म्हटलं की मी पळायची आणि "इकडं ये वं" म्हटलं की मांडीवर जाऊन बसायची.

लढाईचं मात्र ते काही सांगायचे नाहीत. स्वातंत्र्यदिनाला शाळेत त्यांना खुर्ची मिळायची. कोटावर बिल्ले लावून ते बसायचे, आणि झेंडा झाला की पोरं गराडा घालायची. "काका, तुम्ही किती मारले?"

"डास," बाबा म्हणायचे. "गंज मारले, मोजताच नाई आले."

पोरं खट्टू व्हायची आणि मी त्याहून जास्त. वर्गातली एक मुलगी म्हणाली, तुझे बाबा लढाईला गेलेच नसतील. तिच्याशी मी भांडले, पण घरी येऊन बाबांकडे त्याच नजरेनं बघायला लागले. शेवटी विचारलंच. ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "पहारा केला मी. पहारा म्हन्जे काय सांगू? काही होऊ नये म्हनून बसून राहाचं. काही झालं नाई, तं आपलं काम झालं." मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. काही न होण्यासाठी सरकार माणसाला एवढ्या लांब कशाला नेईल?

आश्विनात आमच्याकडे भुलाबाई बसायच्या. घरोघर जाऊन पोरी गाणी म्हणायच्या आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. घरची बाई बंद डबा आणणार, हलवून दाखवणार, आणि आत काय आहे ते आवाजावरून पोरींनी सांगायचं. खुळखुळलं तर फुटाणे, धपधपलं तर लाडू. एका वर्षी आमच्या घरची खिरापत बाबांनी केली. डबा हलवला तर आवाजच नाही. पोरींनी चिवडा, शेव, करंजी, पेरू, सगळं म्हणून पाहिलं. मी पुढे झाले आणि डब्याच्या फटीला नाक लावलं. बोरकूट! वाळल्या बोरांची भुकटी, त्यांनी फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवली होती. पोरी ओरडल्या, हुंगायचं नसतं, ही चिटिंग आहे. बाबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. "हे आपल्या घरची सीआयडी हाये," म्हणाले, आणि तेव्हापासून मी सीआयडीच झाले.

त्याच्या मागून थंडी यायची. हरभऱ्याला घाटे धरले की पहाटे बाबा मला शेतात न्यायचे. काडीकचऱ्याच्या जाळावर हरभऱ्याची टहाळं टाकायची, काळे झालेले घाटे राखेतून वेचून खायचे, ओठ काळे करायचे. खाताना ते धुऱ्याच्या ओल्या मातीतली पावलं दाखवायचे. हे रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, हे डुकराचं, हे सशाचं, मागचे पाय बघ कसे पुढे पडतात. मग मला तोंड फिरवायला लावून बोटांनी स्वतः एखादं पाऊल काढायचे. "आता सांग सीआयडी, खरं कोन्तं अन् माहं कोन्तं?" मी नेहमी ओळखायची. त्यांच्या पावलाला वजन नसायचं. जनावर पाय ठेवतं तेव्हा माती कडेनं जराशी वर येते, बोटानं काढलं की येत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते सुधारलं असतं.

आता कळलं असेल, माझा संशय कुठून निघाला.

मी लहान असल्यापासून बाबांच्या शेजारी पिठावर बसायला जायची. लोक म्हणायचे, "फौजी मानूस, अन् मसनात येत नाई. मढ्याले भेतो का काय?" बाबा हसून सोडून द्यायचे. दाराशी उकिडवे बसायचे, दाराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड, आणि हातात काठी. कुत्रं आलं तर नुसता घसा खाकरायचे. मधे एकदा आई नदीवरून ओल्या पदरानं यायची, आमच्या घरून तेलाची बुधली घेऊन, पणती विझू नये म्हणून आत जाऊन तेल घालायची आणि परत अंघोळीला जायची. बाबा पाय आखडून तिला वाट द्यायचे. बाकी शुकशुकाट. मला त्या शुकशुकाटात झोप यायची, उठायची तेव्हा माणसं आलेली असायची, आणि कोणीतरी टोपलं उचलायचं.

पिठात नेहमी काहीतरी असायचंच. आणि जे असायचं ते फार नेमकं असायचं, हीच तर अडचण होती. किसनबुवा जन्मभर बैलांना तुतारीचा, खिळ्याच्या काठीचा, टोचा देत आला, त्याच्या पिठात बैलाचं खूर. बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "घ्या, आता भोगा म्हना!" सासरी कधी मोकळं न हसलेली एक सून गेली, तिच्या पिठात पाखराचं पाऊल, आणि त्याची बोटं तिच्या माहेराकडे. कर्माचा न्याय इतका चोख कधीपासून झाला? आमच्या गावात तर साधी पाण्याची पाळी सरळ मिळत नव्हती.

शांताचं लेकरू तापानं गेलं तेव्हाचं मला स्वच्छ आठवतं. नुकतं चालायला लागलं होतं. शांतानं अन्न सोडलं, पाणी सोडलं, भिंतीला टेकून नुसती बसली होती. टोपलं उचललं तर पिठात एक इवलंसं पाऊल, आणि बोटं घराच्या आत. गोदाकाकू ओरडल्या, "पाह्य वं शांते, पाऊल आत येऊन राह्यलं. लेकरू गेलं नाई तुहं, वापस येऊन राह्यलं!" शांता पुढे सरकली, त्या पावलाशेजारी आडवी पडली आणि मोठ्यानं रडली. संध्याकाळी माझ्या आईच्या हातून तिनं पेज खाल्ली. बाबा ओट्यावरच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते दुपट्ट्यानं तोंड पुसत होते, आणि दुपट्ट्याच्या टोकाला पीठ लागलेलं होतं.

बस, मुद्देमालच सापडला. त्यानंतर मी प्रत्येक वेळी ते टोक तपासायची. कधी मिळायचं, कधी त्यांनी झटकलेलं असायचं. मुलांचं शिक्षण, गावची भांडणं, सगळ्यात खरं बोलणारा माझा बाप मेलेल्यांच्या बाबतीत गावाला फसवत होता. मला राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटतं याचाही राग येत होता. शेवटी दहावीच्या सुट्टीत मी तोंडावर विचारलं, "बाबा, ते पावलं तुमीच काढता ना?"

"मी तं पिठाकडं पाठ करून बसतो."

"मंग दुपट्ट्याले पीठ कुठून येते?"

त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढून बाजूला ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुही आन घेतो. मी पिठाले कधी बोट लावलं नाई."

त्यांनी शपथ घेतली आणि माझा संशय पक्का झाला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले. पुढे कितीतरी दिवस मी त्यांना वेणी घालू दिली नाही. वेणीचं वय तसंही संपत आलं होतं, पण त्यांना ते लागलं असणार.  कंगवा मात्र भिंतीतल्या देवळीत तसाच ठेवून असायचे.

यंदा फाल्गुनात बाबा गेले. सकाळचा चहा पिऊन अंगणातल्या बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत. मी यवतमाळहून पोचले तेव्हा दारापुढे गाव जमलं होतं. वाटेत दोन्हीकडे पळस फुललेला, आणि मला त्या रंगाचा इतका संताप आला की मी गाडीत डोळे मिटून बसले. आर्णीहून त्यांच्या बरोबरीचे म्हातारे फौजी आले होते. वाकलेल्या कमरेनं ताठ उभे राहून त्यांनी सॅल्यूट केला. मग बाबांना उचललं, जमीन पुसून पीठ पसरलं, टोपलं ठेवलं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पिठावर बसणारा तर खांद्यावरून चालला होता.

"मी बसते," मी म्हणाले.

घर रिकामं झालं. मी बाबांच्या जागी बसले, त्यांच्यासारखी, दाराकडे पाठ करून. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज पिठात काही उमटणार नाही. उमटवणाराच गेला. टोपलं उचललं जाईल, पीठ कोरं निघेल, आणि माझ्या आईला भर लोकांत ऐकावं लागेल की तिचा नवरा अडकला, त्याला पुढची वाट मिळाली नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आईचा आहे, आणि तिला उरलेलं आयुष्य त्या कोऱ्या पिठासोबत काढायचं होतं. मी उठून आत गेले. टोपलं जरा उचललं. पीठ अगदी सपाट होतं. काय काढावं ते मला सुचेना. बैल? पाखरू? माझ्या बापाचं मी काय करू? हात पुढे गेला आणि तसाच थांबला. आयुष्य खोटं पकडण्यात गेलं, करायची वेळ आली तेव्हा जमलं नाही. मी टोपलं ठेवलं आणि येऊन बसले. मग कोणीच आलं नाही, सगळे एकदमच परत आले. पणती केव्हाच विझली होती.

पीठ कोरं निघालं. गोदाकाकूंनी कपाळाला हात लावला. बाबांचे भाऊ, माझे काका, हळूच म्हणाले, "भाऊ अडकला." आई मात्र पुढे झाली. वाकून बघितलं, मान हलवली आणि पीठ गोळा करायला लागली.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. काकांनी बाबांना मोकळं करायची पूजा ठरवली, आईनं नाही म्हणून सांगितलं. मी तिला यवतमाळला चल म्हणाले, तिनं तेही ऐकलं नाही. मला वाटलं, कोणीतरी तिचे कान भरतं आहे. आधी काकांवर संशय घेतला, मग गोदाकाकूंवर, एकदा दूध घालणाऱ्यावरही. आणि मला सगळ्यात खटकत होतं ते हे की आई बरी दिसत होती. जेवत होती, झोपत होती, अंगावर तेज होतं. फोनवर बोलताना मधेच कोणाला तरी काही सांगायची, "थांबा ना, बोलून राह्यली ना मी पोरीशी." कोण आहे गं, विचारलं की म्हणायची, "कोनी नाई वं." नवरा गेलेली बाई इतकी धड कशी? की धक्क्यानं तिचं डोकं फिरलं? रात्री मला झोप लागायची नाही. त्या दिवशी मी मूठभर हिंमत केली असती तर आई अशी झाली नसती, असं वाटत राहायचं.

आत्ता गोदाकाकूंच्या ओट्यावर बसून मी हेच घोळवत होते, आणि समोरून आई आली. केस ओले, पदर ओला, हातात तेलाची बुधली. मी पाय आखडून वाट दिली. ती आत गेली. मी पाठ करून बसले होते. टोपल्याचा हलका आवाज झाला. मग ती बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि रस्त्याकडे बघत उजवा हात माझ्यापुढे धरला.

करंगळीपासून मनगटापर्यंत पीठ लागलं होतं.

"पूस ना," ती म्हणाली.

मी बघतच राहिले. तिनं खाली पाहिलं, मला पाहिलं, आणि हात झटकन पदराखाली घेतला.

"सवय पडली वं," ती म्हणाली. "ध्यानातच नाई राह्यलं, कोन बसलं ते."

"आई, तू? इतके वर्सं तू काढत होती?"

"मंग काय तुहे बाबा? त्याईले धड ससा काढता येत नव्हता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दरवर्षी महालक्ष्म्यांना दारापासून देवघरापर्यंत मुठीनं पावलं काढणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी बापाचा दुपट्टा तपासत राहिले.

"त्याईच्या दुपट्ट्याले पीठ राहे," मी म्हणाले.

"माह्या हाताचं. बाहेर आली का हात धरून पुसून देत. काय केलं, कायले केलं, कधी इचारलं नाई. पुसत अन् म्हनत, जाय आता, थंडी वाजन."

मी आत नजर टाकली. "काकूचं काय काढलं?"

"पाखरू. गोदी जल्मभर आर्नीच्या पुढं गेली नाई. म्हनलं, उडू दे आता." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "गव्हाच्या पिठात धड उमटत नाई पन."

माझा आवाज चढला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं. "मंग बाबाचं काहून नाई काढलं? सगळ्या गावाचं केलं, अन् घरच्या मानसाचं कोरं ठेवलं? लोक काय म्हन्तात मालूम हाये ना तुले? मी तिथं बसली होती आई, मले वाटलं माह्यानंच…" 

आई ओट्यावर टेकली. बुधली खाली ठेवली आणि पदर पिळत राहिली.

"कायले काढू?" ती म्हणाली. "पाखरू केलं असतं तं उडून गेले असते. खूर काढलं असतं तं कोनाच्या गोठ्यात जाऊन बांधले गेले असते. लगन झालं तवापासून त्याईले पाठवतच आली मी. फाट्यावर नेऊन, एसटीत बसवून, खिडकीतून डबा देऊन. आता नाई पाठवत."

"पन लोक म्हन्तात अडकले."

"अडकले तं अडकले. मी तरी कुठं मोकळी हाओ?"

मी रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आईनं मला रडू दिलं, पाठीवर तो पिठाचा हात ठेवला, आणि थोड्या वेळानं उठून नदीकडे निघाली. वाटेत थांबून तिनं पदरानं हात नीट पुसला. मी तिच्याकडे पाहत होते, पण आत शिरू बघणारी एक कोंबडी मला दिसली आणि मी घसा खाकरला.

मग सगळे परत आले. रमेशनं टोपलं उचललं. पिठात पाखराचं पाऊल होतं, तीन बोटं पुढे आणि एक मागे, जरासं पसरट. बायकांनी हात जोडले. रमेश लहान मुलासारखा हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. त्याची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलचा उजेड पाडून पिठावर वाकून बराच वेळ पाहिलं. मग सरळ माझ्याकडे आली. तिची नजर मला ओळखीची वाटली.

"आत्या, खरं सांगा. मधे आत कोणी गेलं होतं का?"

आई पणतीतली वात सारखी करत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी दारातच होते."